हत्तीवरून मिरवणूक, चहा मात्र बाहेर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साताऱ्यातल्या फक्त गोऱ्यांच्या जिमखान्याने पुण्याच्या हिंदू संघाशी सामना ठरवला. त्या संघातल्या बाळू पालवणकरची डावखुरी फिरकी बोथट व्हावी म्हणून म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. तरीही बाळूने सात गडी टिपले. साताऱ्यात हत्तीवरून मिरवणूक निघाली, तर पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी हार घातला.

पण चर्मकार समाजातल्या याच बाळूला पुण्याच्या मैदानावर चहा मिळे तो पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. सवर्ण सहकारी आत चिनी मातीच्या कपातून पीत. जेवणाचं ताटही वेगळं! त्याने फेकलेला चेंडू हाताळायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

भारतीय संघाच्या १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. १९२०मध्ये विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी निवडीतल्या जातिभेदाचा जाहीर निषेध करत संघातून माघार घेतली. अखेर १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली.

धर्मावर संघ पाडण्याची रीत पुढेही टिकली. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून 'इतर' संघात. चौरंगीची पुढे पंचरंगी झालेल्या स्पर्धेच्या १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. ही स्पर्धा १९४६मध्ये कायमची बंद झाली.