दवाखान्याची पाटी वाचायला शिका

धानाच्या बांध्यांवर गवत माजते त्या दिवसांत कुही तालुक्यात तापाचे रुग्ण वाढतात. रोवणी-निंदणाची कामे डोक्यावर असतात. मग ‘एक सुई द्या, सलाईन लावा, उद्या कामावर जायचे आहे’ अशी मागणी होते. गावातच कुणी ती पुरवत असेल, तर सुई देणाऱ्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे हे सहसा विचारले जात नाही. ते विचारले पाहिजे.

स्क्रब टायफसचेच उदाहरण घ्या. २०१८ च्या पावसाळ्यात या आजाराने नागपूर परिसरात बळी घेतले. गवत-झुडपांतील अतिसूक्ष्म माइटच्या अळ्या चावल्याने तो होतो. चाव्याच्या जागी, अनेकदा काखेत किंवा जांघेत, काळी खपली दिसते. मात्र ती शोधावी लागते. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेत मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. त्याऐवजी स्टिरॉइडची सुई दिली की ताप उतरतो, रुग्ण शेतात जातो आणि आजार आत वाढत राहतो. मेयो किंवा मेडिकलला पोहोचेपर्यंत फुप्फुसे आणि किडनी धोक्यात आलेली असतात.

हे टाळण्यासाठीच डॉक्टरांची नोंदणी असते. आपल्याकडे ती १९१२ च्या बॉम्बे मेडिकल ॲक्टपासून आहे. आज एमबीबीएस व त्यापुढील डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. केंद्रात जुनी भारतीय वैद्यक परिषद जाऊन २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. त्याच्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सध्याचा वाद याच नोंदवह्यांचा आहे. एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित आधुनिक औषधे देता यावीत, म्हणून राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलला. २०२५ मध्ये वैद्यक परिषदेत त्यांची स्वतंत्र नोंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा १८ सप्टेंबरला राज्यभरातील डॉक्टरांनी संप केला. विषय न्यायालयातही गेला.

एका वर्षात औषधांचे शास्त्र पुरेसे शिकता येत नाही, ही डॉक्टरांची भीती खरी आहे. तापाच्या एका रुग्णाला होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ मध्ये त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरवला. पण रात्री गावात एमबीबीएस डॉक्टर नसतो, हेही तितकेच खरे. नुसत्या बंदीने ती जागा भरत नाही. रिकाम्या जागी बोगस डॉक्टर बसतो. म्हणून सरकारी पदे भरणे हाही याच सुधारणेचा भाग आहे.

निकाल कोणताही लागो, समोरचा डॉक्टर कोणत्या नोंदवहीतला आहे आणि त्याला काय देण्याची परवानगी आहे, हे रुग्णाला सहज कळायला हवे. वैद्यक परिषदेने त्यासाठी क्यूआर कोडची सोय आणली आहे. दवाखान्यात तो लावलेला असेल, तर मोबाइलवर डॉक्टरची नोंदणी पाहता येते.

स्मार्टफोन नसला तरी तीन गोष्टी करता येतात. पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक दोन्ही आहेत का, ते बघा. चिठ्ठीवर औषधांची नावे लिहून मागा. नुसत्या पुड्या घेऊन येऊ नका. सुई देण्यापूर्वी ‘ही कशाची?’ असे विचारा. खऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. शंका असल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

आणि ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा रुग्ण बरळू लागला, तर आणखी एका सलाईनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.