झोळी घरीच बनवा, मोलही आपणच ठरवा

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारच्या शिवारात निंदणाला जाणाऱ्या आईला झोळी शिकवावी लागत नाही. निंबाच्या फांदीला लुगडे बांधायचे, त्यात लेकरू निजवायचे आणि कामाला लागायचे. हीच झोळी मोठ्या माणसाच्या मापाची झाली की शहरातल्या दुकानात ती ‘हॅमॉक’ होते. गच्चीवर, बागेत टांगायला लोक तिला चांगली किंमत मोजतात.

हा शब्द वेस्ट इंडीज बेटांवरील तैनो या मूळ रहिवाशांचा. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला तेव्हा ते लोक सुती जाळीच्या झोळीत झोपत. पुढे युरोपच्या जहाजांवरील खलाशांनी ती उचलली. तैनो समाज परकीयांच्या जुलमाने आणि रोगराईने उद्ध्वस्त झाला, पण त्यांची झोळी जगभर गेली. कष्ट करणारा मागे राहतो आणि त्याची वस्तू पुढे जाते, हे आपल्यालाही नवे नाही.

आपल्याकडचा दोरच पाहा. वऱ्हाडात पिकांमध्ये अंबाडीचे तास असत. पाल्याची भाजी होई. ताटे पाण्यात कुजवून साल सोलली, धुऊन वाळवली की वाख मिळे. त्यापासून दावे, कासरे आणि बाजेचा सुंभ वळला जाई. हे काम बलुतेदारीने मातंग समाजाच्या माथी मारले होते. मोबदला काय, तर सुगीतले धान्य, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. जात ही कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात मांडले, ते याचसाठी. पुढे सोयाबीन वाढले, अंबाडी घटली आणि बाजारात नायलॉन आले. प्लॅस्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो आणि त्याचे तुकडे मातीत तसेच राहतात. सूत आणि वाख मात्र मातीत मिसळून जातात.

घरी झोळी करायची असेल तर जाड, नवे सुती कापड घ्यावे. लांबी नऊ-दहा फूट, रुंदी पाच फूट. दोन्ही टोकांना दुहेरी शिलाईचा नेफा करून मजबूत दोर ओवावा. दोन आधारांत बारा-तेरा फूट अंतर असावे. टिनाच्या छपराचा पाइप किंवा कोवळे झाड चालणार नाही. झाडाच्या सालीला इजा होऊ नये म्हणून दोराखाली पोत्याची घडी ठेवावी.

झोळी ताणून बांधू नये. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांत उतरता असेल तर ६० किलोच्या माणसामुळे प्रत्येक बाजूवर ६० किलोचा ताण येतो. तोच कोन १५ अंश झाला की ताण जवळजवळ दुप्पट होतो. बसल्यावर झोळी जमिनीपासून दीड फूट राहावी. पावसात ती घरात घ्यावी, नाहीतर सूत कुजते.

तान्ह्या बाळाची मात्र विशेष काळजी घ्यावी. झोळीत मान वाकून हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडू शकतो. बाळाला नजरेआड करू नये. शेतात दुसरा इलाज नसेल तर घरातले कुणी मोठे माणूस जवळ बसवावे, आणि घरी सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. जाळीच्या झोळीत लहान मुलांना एकटे खेळू देऊ नये. मान अडकली तर जिवावर बेतते.

भगिनींनो, चार झोळ्या करून विकायच्या झाल्या तर कापड-दोऱ्याचा खर्च लिहून ठेवा आणि लागलेल्या दिवसांची मजुरी त्यात धरा. शेजारी असो की शहरातले गिऱ्हाईक, हिशेब एकच ठेवा. हाताचे काम हलके नसते. ते फुकट किंवा दुसऱ्याच्या मर्जीवर करून घेणारी रीत हलकी होती.