प्रकाशाचा जमाखर्च

इलेक्ट्रॉनांना कामाला लावणाऱ्या शास्त्राला आपण इलेक्ट्रॉनिक्स म्हणतो. त्याच धर्तीवर प्रकाशकणांना, म्हणजे फोटॉनांना, कामाला लावणाऱ्या शास्त्राला फोटॉनिक्स असे नाव पडले आहे. लेसर, सौरघट, कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदक, काचतंतूंतून चालणारे संदेशवहन हा सारा त्याचाच पसारा. या विषयात पदव्युत्तर पदवी घेऊन अभियंता होता येते. पण भौतिकशास्त्रात प्रकाश शिकवतातच, मग त्यासाठी निराळी पदवी कशाला? या शंकेचे उत्तर काचतंतूच्या उदाहरणावरून चांगले मिळते.

केसासारख्या बारीक काचतंतूत प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे कोंडून राहतो, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. मात्र पुस्तकातली काच आदर्श असते. खऱ्या काचेत प्रकाश वाटेत थोडा थोडा नाहीसा होतो. हे नुकसान डेसिबेल या एककात मोजतात. १० डेसिबेल नुकसान म्हणजे दहावा हिस्सा उरला, २० म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. यात सोय अशी की वाटेतल्या निरनिराळ्या नुकसानींची नुसती बेरीज करावी लागते, अगदी वाण्याच्या वहीसारखी.

१९६० साली पहिला लेसर तयार झाला, तेव्हा चांगल्यातल्या चांगल्या काचेतही दर किलोमीटरला सुमारे १००० डेसिबेल नुकसान होई. म्हणजे २० मीटर जाईपर्यंतच प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरे. एवढ्यावर कोण संदेश पाठवणार? १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम या सहकाऱ्यासह दाखवून दिले की, हा दोष मुख्यतः काचेतील लोहासारख्या अशुद्धींचा आहे. त्या काढल्या आणि नुकसान २० डेसिबेलपर्यंत उतरले, तर काचतंतू संदेशवहनाला उपयोगी पडेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा गाठली. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी ०.२ डेसिबेलचा तंतू बनवला. म्हणजे शंभरावा हिस्सा उरण्याचे अंतर २० मीटरवरून आधी १ किलोमीटर आणि मग १०० किलोमीटर झाले! काव यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या कामासाठीच.

इथवरचे काम संशोधकाचे. आता अभियंत्याची वही उघडू. समजा, ८० किलोमीटर अंतरावरील दोन गावे काचतंतूने जोडायची आहेत. लेसर १ मिलिवॅट प्रकाश सोडतो आणि ग्राहकयंत्राला निदान त्याचा पाचशेवा हिस्सा तरी पोचला पाहिजे, म्हणजे एकूण नुकसान २७ डेसिबेलच्या आसपास चालेल. जमिनीत पुरलेल्या केबलमधील तंतूसाठी हिशेबाला दर किलोमीटरला ०.२५ डेसिबेल धरू. तंतूचे २० डेसिबेल झाले. केबल ४ किलोमीटरच्या रिळांत येते. म्हणून मधले १९ आणि दोन टोकांचे २ असे २१ सांधे, प्रत्येकी ०.१ डेसिबेल, ते झाले २.१. दोन्ही टोकांच्या जोडण्यांचा मिळून १. बेरीज २३.१. येथे विद्यार्थी वही मिटतो. अभियंता मात्र आणखी ३ डेसिबेल राखून ठेवतो. कारण लेसर जुना होतो, उन्हाळ्यात यंत्रे तापतात आणि रस्ता खोदताना केबल तुटते. तुटलेल्या जागी नवा तुकडा घातला की दोन सांधे वाढले, ०.२ डेसिबेल गेले. म्हणजे ही राखीव ठेव नुसत्या खोदकामावर खर्च झाली, तरी पंधरा वेळा पुरते. आपल्याकडचे रस्ते पाहता पंधरा हा आकडा मोठा म्हणवत नाही!

हा व्यवहार शिकवणे हेच या पदवीचे प्रयोजन आहे. भौतिकशास्त्रातील पदवी मुख्यतः ‘असे का होते?’ हे विचारते. येथे ‘किती, किती दिवस आणि किती खर्चात?’ हेही विचारले जाते. आपल्याकडे हा एम. टेक. अभ्यासक्रम सहसा दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी विद्युतचुंबकीय तरंग, लेसर, प्रकाशसंवेदक, काचतंतू हे विषय आणि प्रयोगशाळेत तंतू कापणे, विजेच्या ठिणगीने सांधणे अशी हातची कामे. दुसऱ्या वर्षी बराचसा वेळ एकाच प्रकल्पाला. दिल्लीच्या आय. आय. टी.त आणि कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात अशी सोय आहे. बेल्जियममध्ये घेंट आणि ब्रुसेल्स येथील विद्यापीठे मिळून फोटॉनिक्स अभियांत्रिकीची पदवी देतात. परदेशात काही ठिकाणी प्रबंधाविना एका वर्षात संपणारे अभ्यासक्रमही आहेत. उद्योगात लवकर शिरायचे असेल तर ते सोयीचे, पण पुढे संशोधन करायचे असेल तर प्रबंधाचीच वाट धरलेली बरी, असे आमचे मत.

प्रवेशाच्या वाटा दोन: बारावीनंतर इलेक्ट्रॉनिक्ससारख्या शाखेची चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, किंवा भौतिकशास्त्रात बी. एस्सी. व एम. एस्सी. मिळून पाच वर्षे. मग बहुतेक ठिकाणी ‘गेट’ ही परीक्षा. गणित मात्र दोन्ही वाटांवर सुटत नाही. नोकऱ्या केवळ परदेशातच आहेत असेही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत काचतंतू तयार होतात आणि मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या केबली वर निघतात.

जाता जाता एक गणित. केबल नेमकी कोठे तुटली हे शोधण्यासाठी अभियंता एका टोकातून प्रकाशाचा झटका सोडतो आणि तुटक्या टोकावरून परावर्तित होऊन तो किती वेळाने परत येतो ते मोजतो. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. आपल्या ८० किलोमीटरच्या केबलमध्ये झटका ३०० मायक्रोसेकंदांनी परत आला. खणायला माणसे कोठे पाठवाल?