गवत कापणारा कोच

चारशे आठ विजय, तेही एकाच कॉलेजच्या एकाच कोचच्या नावावर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो आणि या कोचच्या काळात त्यात सामने होत दहा-अकरा. दरवर्षी दहाच्या दहा जिंकले, तरी ४०० गाठायला चाळीस वर्षं लागतील! हे कोच म्हणजे एडी रॉबिन्सन. ते ग्रॅम्बलिंग कॉलेजात १९४१ साली रुजू झाले आणि १९९७मध्ये निवृत्त झाले. (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. इथे लंबगोल चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं.)

लुइझियाना राज्यातलं ग्रॅम्बलिंग म्हणजे एक खेडंच. तिथलं कॉलेज कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेलं, कारण गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्यांना प्रवेशच नव्हता. रॉबिन्सन यांचे वडील बटाईने शेती करणारे, आई लोकांकडे घरकाम करणारी. मुलगा पदवीधर झाला आणि बॅटन रूजमध्ये पशुखाद्याच्या गिरणीत तासाला पंचवीस सेंटवर कामाला लागला. तिथून ग्रॅम्बलिंगने त्यांना कोच म्हणून बोलावलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट.

त्या पगारात काय काय करायचं? मैदानावरचं गवत कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, मुलांच्या मुरगळलेल्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या. सामना झाला की त्याची बातमीही स्वतःच लिहून वर्तमानपत्रांना पाठवायची. बाहेरगावी जाताना सँडविच बांधून न्यायची, कारण वाटेतली हॉटेलं या मुलांना जेवायला बसू देत नसत.

पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसरं वर्ष मात्र चक्रावून टाकणारं आहे. १९४२मध्ये नऊ सामने, नऊ विजय, आणि ग्रॅम्बलिंगविरुद्ध अख्ख्या हंगामात एकाही संघाला एक गुणसुद्धा करता आला नाही. एकसुद्धा!

एवढ्याशा गावात असे खेळाडू आले कुठून? उत्तर साधं आणि संताप आणणारं आहे. त्याच राज्यातल्या बलाढ्य लुइझियाना स्टेट विद्यापीठाने १९७०च्या दशकापर्यंत आपल्या फुटबॉल संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नव्हता. दक्षिणेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांची तीच तऱ्हा. एवढी दारं बंद असल्यावर ताकदीची पोरं ग्रॅम्बलिंगसारख्या मोजक्या कॉलेजांतच येणार. १९४९मध्ये रॉबिन्सन यांचा टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून तिथवर पोचलेला तो पहिला. त्याच्यामागून या एका कोचचे दोनशेहून अधिक विद्यार्थी व्यावसायिक फुटबॉल खेळले.

एक जागा मात्र अडून राहिली होती, क्वार्टरबॅकची. संघाचं डोकं म्हणजे तो. डाव तो लावतो, चेंडू कुणाकडे जाणार हे तो ठरवतो. कृष्णवर्णीय मुलाने पळावं, धडका द्याव्यात, पण विचार करण्याचं काम त्याचं नव्हे, असा तेव्हाच्या संघमालकांचा उघड ग्रह होता. रॉबिन्सन यांनी घडवलेला डग विल्यम्स ३१ जानेवारी १९८८ रोजी सुपर बोल या व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला. पहिल्या पाव भागात प्रतिस्पर्धी डेन्व्हरकडे दहा गुण, वॉशिंग्टन शून्यावर. दुसऱ्या पाव भागात, म्हणजे खेळाच्या पंधरा मिनिटांत, विल्यम्सने गुण मिळवून देणारे चार टचडाउन पास टाकले आणि संघाने ३५ गुण केले. शेवटी ४२–१०, आणि सामन्याचा मानकरीही तोच.

त्याआधी १९८५मध्ये रॉबिन्सन यांनी ३२४वा सामना जिंकून अलाबामा विद्यापीठाचे कोच बेअर ब्रायंट यांचा सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडला होता. तेव्हा कुरकुर झालीच, की हे विजय लहान कॉलेजांविरुद्धचे. मला ती फोल वाटते. ब्रायंटही कितीतरी वर्षं गोऱ्यांच्याच संघाला शिकवत, गोऱ्यांच्याच संघांशी खेळत होते. अर्ध्या देशाशी दोघेही खेळले, फरक इतकाच की भिंत रॉबिन्सन यांनी बांधलेली नव्हती.

भिंत पडली, त्याची किंमत ग्रॅम्बलिंगनेच मोजली. मोठी विद्यापीठं आता चांगल्या खेळाडूंना स्वतःहून बोलावू लागली. रॉबिन्सन यांचे शेवटचे दोन हंगाम प्रत्येकी तीन विजय आणि आठ पराभवांचे. जाताना हिशेब ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. त्यांच्या जागी कोच म्हणून आला डग विल्यम्स.

एप्रिल २००७मध्ये रॉबिन्सन वारले. अंत्यदर्शनासाठी त्यांचं पार्थिव राज्याच्या विधानभवनात ठेवलं होतं. ते भवन बॅटन रूजमध्ये आहे, जिथल्या गिरणीत ते तासाला पंचवीस सेंटवर राबत होते.