पावलांनी लिहिलेली अक्षरं

सोलमध्ये दुपारी प्राथमिक शाळा सुटली की बाहेर छोट्या पिवळ्या गाड्या उभ्या असतात. मुलं दप्तरांसकट त्यांत चढतात आणि दोन-चार गल्ल्या ओलांडून दुकानांच्या एखाद्या इमारतीपाशी उतरतात. खाली किराणा, वर पियानोचा वर्ग, त्याच्याही वर तायक्वांदोची शाळा, म्हणजे दोजांग. धापा टाकत जिना चढून आलेलं सात वर्षांचं पोर दारात बूट काढतं, ते जोडीने फळीवर ठेवतं आणि उंबऱ्याशी थांबतं. समोरच्या भिंतीवर राष्ट्रध्वज असतो. त्याच्याकडे बघून ते कमरेत वाकतं, मग शिक्षकांकडे वळून पुन्हा वाकतं. त्यानंतरच त्याचं अनवाणी पाऊल आत पडतं.

लाथ शिकवणाऱ्या शाळेत पहिला धडा वाकण्याचा! याचं सूत्र कोरियन युद्धकलांनी चार अक्षरांत बांधलं आहे: ये-शी-ये-जोंग. आरंभ आदराने, शेवटही आदराने. मधे कितीही आरडाओरडा, घाम आणि आपटाआपटी होऊ दे, त्या सगळ्याच्या दोन्ही टोकांना नमस्कार हवाच.

आता त्या खोलीच्या नावाकडे बघा. ‘दोजांग’ हा शब्द चिनी लिपीतल्या दोन अक्षरांचा आहे. पहिल्याचा अर्थ मार्ग, दुसऱ्याचा जागा. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनी भाषेत जाऊ लागले, तेव्हा भाषांतरकारांपुढे ‘बोधिमंड’ हा शब्द आला. बोधगयेच्या पिंपळाखाली ज्या जागी सिद्धार्थाला बोध झाला, ती ही जागा. तिच्यासाठी त्यांनी हीच दोन अक्षरं वापरली. कोरियातल्या बौद्ध मठांत ती आजही ‘दोर्यांग’ अशी वाचतात आणि युद्धकलेच्या शाळेत ‘दोजांग’ अशी. आपल्या मातीतल्या एका झाडाखालून निघालेली कल्पना एवढा प्रवास करून किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर पोहोचली आहे, हे कळल्यावर त्या पोराचं उंबऱ्यावर थांबणं वेगळंच दिसायला लागतं.

आत गेल्यावरही बारीकसारीक गोष्टींत हा मान सांभाळला जातो. पांढरा गणवेश म्हणजे दोबोक. तो सुटला किंवा कमरेचा पट्टा सैल झाला, तर ध्वजासमोर, शिक्षकांसमोर ओढाताण करायची नाही. बाजूला वळायचं, नीटनेटकं व्हायचं आणि पुन्हा समोर यायचं. काहीही घ्यायचं-द्यायचं ते दोन्ही हातांनी. शाळेच्या प्रमुखाला ‘क्वानजांगनिम’ आणि शिकवणाऱ्याला ‘साबॉमनिम’ म्हणायचं. शेवटचा ‘निम’ म्हणजे आपल्या ‘गुरुजी’तला ‘जी’.

मग सराव. दोन मुली समोरासमोर उभ्या राहतात. एकीच्या हातात छोटी गादी, दुसरीने तिच्यावर लाथ मारायची. गोल फिरणारी ही लाथ म्हणजे दोल्यो छागी. आधी गुडघा छातीशी येतो, उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळते, त्यामागून कंबर फिरते आणि सगळ्यात शेवटी चाबकाच्या टोकासारखी नडगी सुटते. ‘टाक्’ असा आवाज होतो आणि पाय आल्या वाटेने दुमडून परत येतो. त्याच क्षणी पोटातून आरोळी निघते, तिला गिहाप म्हणतात. ‘गि’ म्हणजे आपण ज्याला प्राण म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी, ‘हाप’ म्हणजे जुळणं. श्वास जोरात बाहेर पडताना पोटाचे स्नायू आवळले जातात आणि धडाला ऐन आघाताच्या वेळी आधार मिळतो. दहा लाथा झाल्या की गादी हात बदलते. आत्ता जी मारत होती, तिने आता मैत्रिणीची लाथ अंगावर न येऊ देता झेलायची. गादी नीट धरली नाही तर मैत्रिणीचा पाय दुखावणार. म्हणून धरणं हेही मारण्याइतकंच मन लावून शिकावं लागतं.

मला सगळ्यात जास्त थक्क करतात ते फूमसे. फूमसे म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. समोर कुणी नसतं. कल्पनेतल्या प्रतिस्पर्ध्याचे वार अडवत, उलट वार करत पुढे जायचं, वळायचं आणि जिथून निघालो तिथेच येऊन थांबायचं. नवख्या मुलांसाठी असे आठ फूमसे आहेत, त्यांना थेगुक म्हणतात. कोरियाच्या ध्वजावरचं लाल-निळं वर्तुळ, तेच थेगुक. त्याभोवती काळ्या रेघांच्या चार खुणा असतात: आकाश, पृथ्वी, पाणी आणि अग्नी. ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात अशा आठ खुणा आहेत; उरलेल्या चार म्हणजे सरोवर, मेघगर्जना, वारा आणि पर्वत. प्रत्येक थेगुक यांतल्या एकेका खुणेला वाहिलेला आहे.

पहिला फूमसे आकाशाचा. त्यात बहुतेक पावलं रस्त्यावर सहज चालावं तशी आखूड असतात. म्हणजे पांढऱ्या पट्ट्याचं पोर आकाश शिकतं ते नुसतं चालून! ज्या ध्वजापुढे ते दारात वाकलं, त्याच्यावरच्या खुणा आता ते अंगाने गिरवत असतं.

काळ्या पट्ट्याशी पोहोचल्यावर तर पावलं चक्क अक्षरं लिहू लागतात. त्या पायरीच्या पहिल्या फूमसेचं नाव कोर्यो. करणाऱ्याची पावलं जिथे जिथे पडली त्या जागा वरून पाहून रेघांनी जोडल्या, तर एक उभी आणि दोन आडव्या रेघांचं चिनी अक्षर उमटतं. कोरियन लोक त्याचा अर्थ लावतात ‘सॉनबी’: विद्या आणि शील जपणारा माणूस. हातापायांत वीट फोडण्याची ताकद आली त्याच टप्प्यावर पायांना लिहायला दिलेला शब्द आहे ‘विद्वान’.

पुढचा फूमसे कुमगांग. हे नाव म्हणजे संस्कृतातलं ‘वज्र’, तेही बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेलं. त्याची पावलं ‘पर्वत’ हे अक्षर लिहितात. त्यात एका क्षणी क्रौंच पक्ष्यासारखं एका पायावर उभं राहून, एक हात वर आणि एक खाली अडवणीला नेत, अगदी संथ थांबायचं असतं. नंतर पाय रोवून बसकं उभं राहायचं. या पवित्र्याचं नाव पारंपरिक कोरियन घरात खांबाखाली बसवतात त्या दगडावरून आलं आहे. आपल्या वाड्यांतला तळखडा तो हाच. वर हात कितीही फिरोत, खाली तळखडा हलता कामा नये.

ही अक्षरं जुनी असली तरी त्यांची ही मांडणी तरुण आहे. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती. ती संपण्याच्या सुमारास आणि नंतर सोलमध्ये लढण्याच्या शाळा निघाल्या. त्यांना ‘क्वान’ म्हणत. त्या काढणाऱ्यांपैकी काहींनी जपानमध्ये कराटे शिकलं होतं. परक्यांकडून हाती आलेली विद्या आणि स्वतःच्या देशातली पायांच्या खेळाची परंपरा यांतून त्यांनी आपलं असं काहीतरी घडवायला घेतलं. १९५५ मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आलं: पाय, मूठ आणि मार्ग. १९७२ मध्ये सोलला कुक्कीवॉन हे मुख्य केंद्र उघडलं, पुढच्याच वर्षी तिथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोला पदकांच्या खेळाचा मान मिळाला. नुकत्याच मोकळ्या झालेल्या राष्ट्राने स्वतःची युद्धकला रचायला घेतली, तेव्हा पावलांखाली लिहायला निवडलं काय? विद्वान, पर्वत, पाणी. या निवडीपुढे मी नतमस्तक होतो.

तायक्वांदोची आणखी एक शाखा आहे, चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाची; तिथले फूमसे वेगळे आहेत. तिथे पाच तत्त्वं शिकवतात: सौजन्य, योमची, चिकाटी, संयम आणि पेकजॉलबुलगुल. ‘योमची’ मी मुद्दाम तसाच ठेवला. त्याचं भाषांतर ‘सचोटी’ असं होतं खरं. पण मूळ दोन अक्षरांत निर्मळपणा आहे आणि लाज आहे. जनाची नाही तरी मनाची, म्हणतात ती लाज. चोई यांनी दिलेलं उदाहरण साधं आहे: प्रात्यक्षिकाआधी फळी हळूच कच्ची करून ठेवणारा विद्यार्थी. टाळ्या तर मिळतील, पण फळी कशी फुटली हे त्याला स्वतःला ठाऊक असेल. पाचवा शब्द सांगतो, शंभरदा मोडलं तरी नमायचं नाही. दारात वाकायला शिकवणारीच शाळा हेही शिकवते.

यातलं काहीच झटपट येत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाला काळा पट्टाही पुरता मिळत नाही, अर्धा लाल आणि अर्धा काळा मिळतो. पुढे दान नावाच्या नऊ पायऱ्या. कुक्कीवॉनच्या नियमांप्रमाणे पहिलीवरून दुसरीसाठी निदान १ वर्ष, तिसरीसाठी आणखी २, असं करत सातवीसाठी ६, आठवीसाठी ८ आणि नववीसाठी ९. बेरीज ३८ वर्षांची.

त्या नवव्या पायरीच्या फूमसेचं नाव इल्यो, म्हणजे एकरूपता. त्याची पावलं जमिनीवर स्वस्तिक रेखतात, बौद्ध मंदिरांवर दिसतं ते. पिंपळाखालच्या जागेवरून ज्या खोलीला नाव मिळालं, तिथला शेवटचा धडाही तिकडूनच आलेल्या खुणेचा. आणि इल्योचा आरंभ कसा होतो? पाय जुळवून सरळ उभं राहायचं, उजव्या हाताची मूठ हनुवटीसमोर आणायची आणि डाव्या तळव्याने ती हलकेच झाकून घ्यायची. चार दशकं घासून तयार केलेली मूठ अशी पांघरुणात घेतली की मगच पहिलं पाऊल उचलायचं.