नाकातली स्प्लिंट आणि ऐकीव भीती

‘नाकातून हातभर पट्टी ओढून काढतात, जीव नकोसा होतो.’ नाकाचं हाड वाढलंय म्हणून ऑपरेशनला निघालेल्या माणसाला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. (हाड वाढलेलं नसतं, नाकातला मधला पडदा वाकडा असतो.) ऐकवणारा खोटं बोलत नाही. रक्त थांबावं म्हणून दोन्ही नाकपुड्यांत गॉजची लांब पट्टी दाबून भरायची पद्धत होती. ती वाळलेल्या रक्ताला चिकटायची आणि काढताना फार दुखायचं. पण आता ऑपरेशननंतर नाकात ठेवतात ती स्प्लिंट म्हणजे ती पट्टी नव्हे. हे सिलिकॉनचे पातळ, गुळगुळीत तुकडे असतात. पडद्याच्या दोन्ही अंगांना एकेक ठेवून पुढे टाका घालतात. गुळगुळीतपणामुळे जखम त्यांना फारशी चिकटत नाही. बहुधा आठवडाभराने ओपीडीतच टाका कापून ते काढतात. भूल लागत नाही, काम काही क्षणांचं असतं. नाकात दाब जाणवतो, डोळ्यांत पाणी येतं, थोडं रक्त येऊ शकतं.

पडदा सरळ राहावा एवढ्यासाठीच स्प्लिंट असते, असं अनेकांना वाटतं. पडदा सरळ होतो तो ऑपरेशनमध्येच. स्प्लिंटचं मोठं काम वेगळं आहे. ऑपरेशनमध्ये उचललेलं पडद्यावरचं आवरण जागेवर नीट बसावं आणि पडद्याची ओली जखम शेजारच्या टर्बिनेटला (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या फुगवट्याला) चिकटू नये, यासाठी ती असते. असे भाग चिकटले, तर श्वास पुन्हा अडतो.

मग ती प्रत्येकाला हवीच का? नाही. अनेक सर्जन आवरण विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात आणि तेवढं पुरतं. नाक गच्च भरून ठेवणंही सरसकट गरजेचं नाही, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2015 मध्ये सहमतीने नोंदवलं. त्यामुळे स्प्लिंट घातली नाही म्हणजे डॉक्टरांनी हयगय केली, असं समजू नका.

नाक बंदच आहे, म्हणजे ऑपरेशन फसलं, हा निष्कर्ष पहिल्या आठवड्यात काढणं चुकीचं आहे. काही स्प्लिंटना श्वासासाठी नळी असते, पण रक्ताच्या खपल्यांनी तीही बुजते. डॉक्टरांनी दिलेला सलाइनचा स्प्रे त्यासाठीच नेमाने मारायचा. स्प्लिंट निघाल्यावरही सूज उतरायला काही आठवडे लागतात.

या काळात नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा आणि स्प्लिंट सैल वाटली तरी स्वतः ओढू नका. ताप, वाढत जाणारं दुखणं, न थांबणारं रक्त, किंवा दोन्ही नाकपुड्या अचानक जास्तच बंद होणं, यांपैकी काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. पडद्यात रक्त साचलं तर त्यातल्या कूर्चेचं पोषण तुटतं, काही दिवसांतच ती नष्ट होऊ शकते आणि पुढे नाक खचू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.