पामचे झाड धावले ताशी १३८ किलोमीटर!

१९७९ साली अमेरिकेतील मायामी येथे न्यायालयासमोर एक चमत्कारिक पुरावा आला. पोलिसांच्या रडार गनने एका पामच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल, म्हणजे सुमारे १३८ किलोमीटर दाखवला होता. एका घराचा ताशी २८ मैल! न्यायाधीशांनी त्या खटल्यांतील रडारचा पुरावा नाकारला. मग हे यंत्र खोटे बोलते काय?

शिटी वाजवीत येणाऱ्या आगगाडीचा स्वर चढा वाटतो आणि गाडी दूर जाऊ लागली की तो उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. रडार गन सूक्ष्मतरंग सोडते. समोरून येणाऱ्या मोटारीवरून परतताना त्यांची वारंवारता वाढते. ही वाढ अशी काढतात:

२ × मोटारीचा वेग × मूळ वारंवारता ÷ प्रकाशाचा वेग

मूळ वारंवारता २,४१५ कोटी हर्ट्झ आणि मोटारीचा वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, घ्या. वाढ सुमारे ४,०२५ हर्ट्झ येईल. सूत्रात २ का? मोटार आधी चालता ग्राहक असते, मग चालता उगम. म्हणून बदल दोनदा होतो. गेलेले व परतलेले तरंग एकत्र केले की या फरकाएवढे विस्पंद मिळतात. यंत्र तेच मोजते, आणि फार अचूक मोजते. त्याची तपासणी चक्क नादकाट्याने करतात. वाजवलेला काटा गनसमोर धरला की काट्यावर लिहिलेला वेग यंत्रात दिसला पाहिजे.

मग चूक कोठे होते? १२ अंशांचा झोत १०० मीटरवर सुमारे २१ मीटर रुंद होतो. त्यात अनेक वाहने सापडली तर आकडा कोणाचा? लहान मोटारीपेक्षा मागच्या ट्रकवरून येणारे तरंग अधिक जोरदार असू शकतात. उभ्या पोलिसाने गन २० अंश तिरपी धरली तर ताशी १०० चा वेग ९४ दिसतो. ही चूक चालकाच्या फायद्याची. झाड तर जागचे हलत नाही. तेव्हा त्याच्या 'वेगा'चा उगम दुसरीकडे, उदाहरणार्थ पोलिसांच्या गाडीतील पंख्यात किंवा विद्युत् व्यत्ययात, शोधावा लागतो.

अमेरिकेत अनेक चालक रडार डिटेक्टर बाळगतात. अंतर दुप्पट झाले की डिटेक्टरला मिळणाऱ्या तरंगांची तीव्रता एकचतुर्थांश होते. परंतु गनकडे परतणाऱ्या तरंगांची एकसोळांश, कारण त्यांना जाऊन यावे लागते. म्हणून डिटेक्टरला गनची चाहूल आधी लागते. पण पोलिसाने मोटार जवळ आल्यावरच कळ दाबली, तर इशारा मिळेपर्यंत वेग मोजून झालेला असतो. शिवाय अनेक डिटेक्टर स्वतःच क्षीण तरंग बाहेर सोडतात आणि पोलीस त्यांवरून त्यांना हुडकतात. व्हर्जिनिया राज्यात तर मोटारीत डिटेक्टर वापरण्यास बंदी आहे.

डिटेक्टर गन चालू असल्याचे सांगतो. तिचा आकडा खरा की खोटा, हे सांगत नाही. ते ठरवायचे तर झोतात त्या वेळी काय काय होते, गन कोणत्या कोनात धरली होती आणि नादकाट्याची तपासणी झाली होती का, हे विचारावे लागते. एखाद्याला दंड करण्यापूर्वी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. प्रयोगशाळेत वाचन घेताना तुम्हीही असेच प्रश्न विचारत जा.